रुग्णाची नोंद आणि नव्या उपचाराची परीक्षा



प्रत्येक वार्षिक अहवालाच्या आरंभी बाह्यरुग्ण, आंतररुग्ण, शस्त्रक्रिया आणि प्रसूती यांची वर्षभराची आकडेवारी दिली जाते. संस्थेने किती काम केले, हे त्या आकड्यांवरून समजते. परंतु ज्याच्यावर उपचार झाले तो रुग्ण घरी गेल्यानंतर सहा महिन्यांनी कामावर रुजू झाला की पुन्हा अंथरुणाला खिळला, हे त्या आकड्यांत दिसत नाही. नव्या उपचारांचा खरा गुण ओळखण्यासाठी मात्र हीच माहिती लागते. ती कशी मिळवतात, तिच्यावर कितपत विश्वास ठेवावा आणि तिच्या कामी आपणा सर्वांचा हातभार कसा लागू शकतो, हे सोप्या शब्दांत मांडण्याचा या लेखाचा हेतू आहे. प्रस्तुत लेखक वैद्यकीय व्यवसायातील नाही, वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे. त्यामुळे हा विषय हिशेबाच्या अंगाने मांडला आहे, हे वाचकांनी समजून घ्यावे.

हा विषय आपल्यासाठी महत्त्वाचा का?

आनंदनगर औद्योगिक वसाहतीतील कामगार आणि उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यातील सामान्य कुटुंबे यांच्यासाठी रुग्णालयाचा खर्च ही केव्हाही जड बाब असते. अशा वेळी एखादे नवे आणि महागडे इंजेक्शन लिहून दिले जाते, तेव्हा ‘याने गुण येईल ना?’ हा नातेवाइकांचा पहिला प्रश्न असतो. कोणी दागिने गहाण ठेवतो, कोणी गावाकडची जमीन विकायला काढतो. या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर मिळणे हा त्यांचा हक्क आहे.

हाच प्रश्न विश्वस्तांपुढेही असतो. मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने तयार झालेल्या आणि २००६ पासून लागू असलेल्या योजनेनुसार राज्यातील धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी राखून ठेवाव्या लागतात, तसेच एकूण देयकांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करावी लागते. निधी मर्यादित असतो. ज्या औषधाचा उपयोग सिद्ध झालेला नाही त्यावर तो खर्च झाला, तर ज्या औषधाने निश्चित गुण येतो त्यासाठी दुसऱ्या गरजू रुग्णाला पैसे उरत नाहीत. म्हणून उपचाराची पारख हा केवळ डॉक्टरांचा विषय राहत नाही.

परीक्षेच्या दोन पद्धती

नव्या औषधाची परीक्षा साधारणपणे दोन प्रकारे होते. पहिली पद्धत नियोजित चाचणीची. ठरावीक निकषांत बसणारे रुग्ण त्यांच्या संमतीने निवडले जातात आणि कोणाला नवे औषध द्यावयाचे व कोणाला प्रचलित उपचार, हे सोडत काढून ठरवले जाते. सोडतीमुळे दोन्ही गट वय, आजाराची तीव्रता, घरची परिस्थिती अशा बाबतीत सारखे होतात. पुढे फरक दिसला तर तो औषधाचाच, असे खात्रीने म्हणता येते.

दुसरी पद्धत म्हणजे रुग्णालयात दररोज येणाऱ्या रुग्णांच्या नोंदींचा अभ्यास. केस पेपर, तपासणीचे अहवाल, डिस्चार्ज कार्ड, औषध विभागाच्या नोंदी, आजारांच्या नोंदण्या या सर्वांतून मिळणाऱ्या माहितीला ‘रिअल वर्ल्ड डेटा’, म्हणजे प्रत्यक्ष व्यवहारातील रुग्णमाहिती, असे म्हणतात. चाचणीत बहुधा अतिवृद्ध, गरोदर स्त्रिया किंवा एकाच वेळी मधुमेह, मूत्रपिंडाचा विकार आणि क्षयरोग असलेले रुग्ण घेतले जात नाहीत. आपल्या बाह्यरुग्ण विभागाच्या रांगेत मात्र असेच रुग्ण असतात. त्यांच्या बाबतीत औषध कसे वागते, हे रोजच्या नोंदींतूनच कळते.

अमेरिकेत २०१६ साली झालेल्या कायद्याने औषध नियामकाला अशा माहितीचा विचार करण्याची चौकट घालून दिली. आपल्याकडे ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय औषध नियामकाने, काही प्रगत देशांत मान्यता मिळालेल्या ठरावीक वर्गांतील नव्या औषधांना भारतातील स्थानिक चाचणीतून सूट देण्याचा आदेश काढला; त्यांच्यासाठी विक्रीनंतरच्या अभ्यासाची अट आहे. त्यामुळे अशा औषधांचा भारतीय रुग्णांवरील परिणाम मुख्यतः ती बाजारात आल्यानंतरच समजणार आहे. नोंदींचे महत्त्व यापुढे वाढतच जाईल.

महाडचा विंचू

रोजच्या नोंदींतून काय साध्य होऊ शकते, याचे उत्तम उदाहरण आपल्या शेजारच्या रायगड जिल्ह्यात आहे. डॉ. हिंमतराव बावस्कर हे १९७६ साली महाडजवळील बिरवाडी येथील प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. कोकणात लाल विंचू चावून माणसे, विशेषतः लहान मुले, दगावत असत. डॉ. बावस्करांनी प्रत्येक रुग्णाजवळ थांबून त्याच्या लक्षणांची क्रमवार नोंद ठेवण्यास सुरुवात केली. उलट्या, दरदरून घाम, हातपाय थंड पडणे, रक्तदाब वाढणे आणि त्यानंतर हृदय थकून फुप्फुसांत पाणी साठणे, हा क्रम त्यातून स्पष्ट झाला. आरंभीच्या लक्षणांवरून पुढचा धोका ओळखता येतो, हे त्यांचे निरीक्षण १९८२ साली ‘द लॅन्सेट’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

लक्षणांच्या या क्रमातून उपचाराची दिशा मिळाली. विंचवाच्या विषाने शरीरातील उत्तेजक द्रव्यांचा लोट उसळतो, रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि हृदयावर असह्य ताण येतो. उच्च रक्तदाबासाठी वापरात असलेले प्राझोसिन हे औषध नेमके या आकुंचनाला विरोध करते. विंचूदंशावरील त्याच्या उपयोगाविषयीचा त्यांचा लेख १९८६ साली त्याच नियतकालिकात आला. प्राझोसिनपूर्वी गंभीर विंचूदंशात शंभरांपैकी सुमारे पंचवीस ते तीस रुग्ण दगावत. औषध वापरात आल्यानंतर हे प्रमाण अवघ्या काही टक्क्यांवर आले. स्वस्त गोळीने साधलेला हा बदल होता आणि त्याचा आधार होता ग्रामीण दवाखान्यात शिस्तीने ठेवलेल्या नोंदी.

येथे जाणकार वाचक विचारेल की, पूर्वीच्या आणि नंतरच्या रुग्णांची तुलना ग्राह्य कशी मानावी? मधल्या काळात रस्ते सुधारले असतील, रुग्ण लवकर पोहोचू लागले असतील. शंका योग्य आहे. तथापि मृत्यूचे प्रमाण चौथ्या हिश्शावरून काही टक्क्यांवर येते आणि औषधाचे कार्य शरीरशास्त्राशी जुळते, तेव्हा इतकी मोठी तफावत केवळ रस्त्यांमुळे पडली असे म्हणणे कठीण असते.

पुढचा प्रश्न अधिक नाजूक होता. विंचवाच्या विषावरील प्रतिविष लस उपलब्ध झाली, तेव्हा प्राझोसिनच्या जोडीला ती दिल्याने अधिक लाभ होतो का, हे ठरवायचे होते. प्राझोसिनने बहुतेक रुग्ण वाचतच होते. त्यामुळे फरक पूर्वीइतका उघड दिसणार नव्हता. म्हणून डॉ. हिंमतराव आणि डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी महाड येथे सोडत पद्धतीने चाचणी केली. ७० रुग्णांचे ३५-३५ चे दोन गट झाले. दहा तासांनंतर, प्राझोसिन आणि लस मिळालेल्या ३५ पैकी ३२ रुग्णांची लक्षणे पूर्णपणे गेली होती. केवळ प्राझोसिन मिळालेल्या ३५ पैकी ८ रुग्णांची. हा अभ्यास २०११ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाला. २०२२ साली डॉ. हिंमतराव बावस्करांना पद्मश्री सन्मान मिळाला.

महाडच्या या दोन टप्प्यांत आपल्या विषयाचे सार आहे. फरक डोळ्यांत भरण्याइतका मोठा असेल, तर काळजीपूर्वक ठेवलेली नोंद बरेच काही सांगून जाते. फरक लहान असेल किंवा दोन गटांतील रुग्ण मुळातच वेगळे असतील, तर केवळ नोंदींवर निर्णय देणे धोक्याचे ठरते.

प्लाझ्मासाठीची धावपळ

हा धोका महाराष्ट्राने कोरोनाच्या काळात अनुभवला. २०२० आणि २०२१ साली कोरोनातून बऱ्या झालेल्या व्यक्तींचा प्लाझ्मा मिळवण्यासाठी असंख्य कुटुंबांनी रात्री-अपरात्री धावपळ केली. दात्यांसाठी दूरध्वनीवरून आवाहने झाली आणि पैसेही खर्च झाले. त्या वेळच्या नातेवाइकांना दोष देण्याचे कारण नाही. जिवाभावाच्या माणसासाठी कोणीही तेच केले असते.

प्लाझ्माविषयीच्या आशेला नोंदींचा आधारही होता. अमेरिकेत ३५,००० हून अधिक रुग्णांना विशेष योजनेखाली प्लाझ्मा देण्यात आला. निदानानंतर तीन दिवसांच्या आत प्लाझ्मा मिळालेल्यांत सात दिवसांतील मृत्यूचे प्रमाण ८.७ टक्के होते, तर त्यानंतर मिळालेल्यांत ११.९ टक्के. ऑगस्ट २०२० मध्ये तेथील नियामकाने तातडीच्या वापरास परवानगी दिली. आकडे खरे होते, रुग्णसंख्याही मोठी होती. परंतु या हिशेबात प्लाझ्मा न मिळालेल्या रुग्णांचा गटच नव्हता. शिवाय लवकर उपचार मिळालेले आणि उशिरा मिळालेले रुग्ण इतर बाबतींतही सारखे असतील, याची हमी नव्हती.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने याच काळात देशातील ३९ रुग्णालयांत ४६४ रुग्णांची सोडत पद्धतीने चाचणी घेतली. आजार गंभीर होण्याचे किंवा २८ दिवसांत मृत्यू येण्याचे प्रमाण प्लाझ्मा दिलेल्या गटात १९ टक्के आणि न दिलेल्या गटात १८ टक्के आढळले. हे निष्कर्ष ऑक्टोबर २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. ब्रिटनमधील ‘रिकव्हरी’ या सुमारे ११,५०० रुग्णांच्या अभ्यासातही दोन्ही गटांत मृत्यूचे प्रमाण २४ टक्केच निघाले. मे २०२१ मध्ये भारताच्या राष्ट्रीय उपचार मार्गदर्शिकेतून प्लाझ्मा वगळण्यात आला. म्हणजे ३५,००० नोंदींनी जी आशा दाखवली ती ४६४ रुग्णांच्या नीट आखलेल्या चाचणीत टिकली नाही. नोंदी संख्येने कितीही असल्या तरी तुलनेचा गट नसेल, तर ती उणीव संख्येने भरून निघत नाही.

याच ‘रिकव्हरी’ अभ्यासाने दुसरी, आशादायक बाजूही दाखवली. डेक्सामेथासोन हे जुने आणि अत्यंत स्वस्त औषध व्हेंटिलेटरवरील कोरोना रुग्णांना दिल्यावर मृत्यूचे प्रमाण ४१.४ टक्क्यांवरून २९.३ टक्क्यांवर येते, हे जून २०२० मध्ये सिद्ध झाले. या अभ्यासाने रुग्णांचे गट सोडतीने पाडले, परंतु पुढील माहितीसाठी ब्रिटनच्या सार्वजनिक आरोग्य सेवेच्या नेहमीच्या नोंदींचाही उपयोग केला. त्यामुळे अवघ्या काही आठवड्यांत हजारो रुग्णांचा निकाल हाती आला. सोडत आणि नोंद या एकमेकींच्या प्रतिस्पर्धी नाहीत. दोन्ही एकत्र आल्या तर काम जलद आणि कमी खर्चात होते.

क्षयरोगाचे नवे औषध

चाचणीने निर्माण केलेली शंका नोंदींनी दूर करण्यास मदत केली, असेही घडले आहे. अनेक औषधांना दाद न देणाऱ्या क्षयरोगावरील बेडाक्विलिन या औषधाला अमेरिकेत डिसेंबर २०१२ मध्ये मान्यता मिळाली. त्याने थुंकीतील जंतू लवकर नाहीसे होत होते. परंतु १६० रुग्णांच्या चाचणीत हे औषध घेणाऱ्या ७९ पैकी १० जणांचा मृत्यू झाला, तर न घेणाऱ्या ८१ पैकी २ जणांचा. मृत्यूंचे औषधाशी थेट नाते सिद्ध झाले नव्हते, तरी साऱ्या जगात सावधगिरी बाळगली गेली. भारतात २०१६ साली हे औषध केवळ सहा निवडक केंद्रांत, कडक देखरेखीखाली देण्यास आरंभ झाला. त्यांत मुंबईचाही समावेश होता.

दक्षिण आफ्रिकेने आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमातील १९,६१७ रुग्णांच्या नोंदी तपासल्या. बेडाक्विलिन मिळालेल्या १,०१६ रुग्णांत मृत्यूचे प्रमाण १२.६ टक्के होते आणि न मिळालेल्या १८,६०१ रुग्णांत २४.८ टक्के. हा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. औषध मिळण्यापूर्वीच दगावलेले अतिगंभीर रुग्ण दुसऱ्या गटात गेल्याने फरक फुगला असेल का, असे प्रश्न अशा अभ्यासात विचारावेच लागतात आणि संशोधकांनी ज्ञात फरकांचा हिशेब करूनच निष्कर्ष मांडला. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने बेडाक्विलिनला या उपचारात अग्रक्रम दिला. पूर्वी महिनोन्महिने घ्याव्या लागणाऱ्या वेदनादायक इंजेक्शनांची जागा आता तोंडाने घ्यायच्या औषधांनी घेतली आहे. दाट वस्तीच्या आपल्या पट्ट्यातील क्षयरुग्णांसाठी हा बदल किती मोलाचा आहे, हे वेगळे सांगावयास नको.

बार्शीचा धडा

रुग्णालयातील नोंदीला एक जन्मजात मर्यादा असते. जे रुग्णालयात आले त्यांचीच माहिती तिच्यात असते. ही मर्यादा ओलांडण्याचा मार्ग सोलापूर जिल्ह्यातील बार्शीने दाखवला. तेथील नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयात १९८७ साली भारतातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम या तालुक्यांतील ३४६ गावांचा तिच्यात समावेश होता. कर्मचारी गावोगावी जाऊन रुग्ण शोधत आणि मृत्यूंची माहिती घेत.

या कामाचा अनुभव पाठीशी असल्यामुळे त्या वेळच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव, जिल्ह्यात १९९९ पासून १,३१,७४६ महिलांचा मोठा अभ्यास करता आला. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीची कोणती पद्धत जीव वाचवते, हे पाहावयाचे होते. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार एचपीव्ही विषाणूची तपासणी झालेल्या ३४,१२६ महिलांच्या गटात या कर्करोगाने ३४ मृत्यू झाले, तर नेहमीच्या आरोग्य सेवेवर राहिलेल्या ३१,४८८ महिलांच्या गटात ६४. तुलनेच्या गटातील महिलांना तपासणी का दिली नाही आणि संमती घेताना त्यांना पुरेशी माहिती मिळाली होती का, असे गंभीर नैतिक आक्षेपही पुढे घेतले गेले. या दोन्ही बाबी आपण लक्षात ठेवल्या पाहिजेत. गावोगावी जाऊन केलेल्या पाठपुराव्याविना हे उत्तर मिळाले नसते आणि ज्यांच्या जीवनातून ते मिळाले त्यांचे हक्क उत्तराइतकेच महत्त्वाचे आहेत.

नोंदींतील चार फसव्या जागा

हिशेब तपासनीस जसा ठरावीक जागी अधिक बारकाईने पाहतो, तसे रुग्णनोंदींवर आधारलेला कोणताही दावा वाचताना पुढील चार जागी थांबावे.

पहिली जागा निवडीची. नवे महागडे औषध बहुधा ज्यांना परवडते त्यांना मिळते. त्यांचा आहार, निवारा आणि वेळेवर येण्याची सोय ही मुळातच बरी असते. गुण औषधाचा की परिस्थितीचा, हे सांगता येत नाही.

दुसरी जागा आरंभीच्या शिल्लकेची. वर्षाअखेरची शिल्लक पाहून नफा ठरत नाही, त्यासाठी आरंभीची शिल्लक माहीत असावी लागते. त्याचप्रमाणे उपचारापूर्वीचे वजन, रक्तदाब, साखर, आजाराची पायरी यांची नोंद नसेल तर नंतरची सुधारणा मोजता येत नाही.

तिसरी जागा शब्दांची. डिस्चार्ज कार्डावर ‘प्रकृतीत सुधारणा’ असे लिहिलेले असते. ताप उतरला, चालू लागला की स्वतःच्या इच्छेने घरी गेला? प्रत्येक डॉक्टरांनी हा शब्द वेगळ्या अर्थाने वापरला असेल, तर त्यांची बेरीज करता येत नाही.

चौथी जागा परत न आलेल्या रुग्णांची, आणि आपल्या भागात हीच सर्वांत मोठी. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. १०० रुग्णांना नवे औषध दिले. सहा महिन्यांनी ६० जण तपासणीला आले आणि त्यातील ५४ बरे आढळले. ६० पैकी ५४ म्हणजे ९० टक्के गुण, असे लिहिणे सोपे आहे. पण न आलेले ४० जण सगळे बरे असतील तर १०० पैकी ९४ बरे झाले आणि एकही बरा नसेल तर केवळ ५४. खरे उत्तर ५४ ते ९४ यांच्या मध्ये कोठेही असू शकते. बरा झाला म्हणून कोणी येत नाही, दगावला म्हणूनही येत नाही, आणि काम सुटल्याने गावी परतलेला कामगारही येत नाही. येणेबाकी वसूल झाली की बुडाली हे न पाहता ती सोडून दिलेल्या ताळेबंदासारखी अशा अहवालाची अवस्था होते.

संमती आणि गोपनीयता

‘आमच्या माणसावर प्रयोग तर होत नाही ना?’ ही शंका कुटुंबीयांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. नेहमीच्या उपचारांची नोंद ठेवणे आणि नव्या औषधाची चाचणी घेणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. चाचणीसाठी २०१९ चे नवी औषधे व वैद्यकीय चाचणी नियम लागू होतात. त्यानुसार नीतिशास्त्र समितीची मंजुरी आणि सहभागी व्यक्तीची माहितीपूर्ण संमती आवश्यक असते. चाचणीमुळे इजा झाल्यास उपचार आणि भरपाई यांचीही तरतूद आहे. संमती नाकारल्यामुळे रुग्णाच्या नेहमीच्या उपचारात कमतरता येता कामा नये. भारतातील चाचण्यांची सार्वजनिक नोंदणी २००७ साली सुरू झाली आणि जून २००९ पासून ती बंधनकारक झाली.

नोंदींच्या अभ्यासासाठीही भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची २०१७ ची नैतिक मार्गदर्शक तत्त्वे आहेत आणि २०२३ साली वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा केंद्रीय कायदा संमत झाला आहे. अभ्यासासाठी माहिती देताना नाव, पत्ता, दूरध्वनी क्रमांक काढून टाकणे हा किमान दंडक होय. रुग्णाने आपला आजार विश्वासाने सांगितलेला असतो. ती माहिती औषध कंपनीच्या विक्रीसाठी वापरली जाणार नाही, ही हमी विश्वस्त संस्थेने दिलीच पाहिजे.

आपणाकडून अपेक्षा

रुग्णांच्या नातेवाइकांस विनंती आहे की, तपासणीस येताना जुने केस पेपर आणि औषधांची वेष्टने सोबत आणावीत. नोंदणीच्या वेळी स्थानिक दूरध्वनीबरोबर गावाकडील एक क्रमांकही द्यावा. औषध मध्येच बंद केले असल्यास अथवा अन्य पॅथीचे औषध सुरू असल्यास संकोच न करता सांगावे. औषधाचा त्रास झाला तर तो आमच्या निदर्शनास आणावा. अशा तक्रारींसाठी केंद्र शासनाचा औषध-दक्षता कार्यक्रम २०१० पासून सुरू असून १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावरही कळवता येते. आणि रुग्णाचे दुर्दैवाने निधन झाले असेल, तर तेही जमेल तेव्हा कळवावे. ही विनंती करताना जीव जड होतो. परंतु ती एक नोंद त्याच आजाराच्या पुढील रुग्णाच्या उपयोगी पडते.

देणगीदारांची देणगी आजवर बहुधा यंत्रे, खाटा आणि रुग्णवाहिका यांसाठी येत राहिली आहे आणि त्यांचे मोल निर्विवाद आहे. याच्या जोडीला नोंदी ठेवणारा कर्मचारी, दूरध्वनीवरून पाठपुरावा आणि घरभेटी यांसाठीही साहाय्य करावे, असे सुचवावेसे वाटते. या खर्चाची फलकावर कोनशिला लागत नाही, पण कोणत्या यंत्राचा आणि कोणत्या औषधाचा उपयोग झाला हे त्यामुळेच कळते.

विश्वस्त मंडळापुढे नम्र सूचना अशी की, निर्धन रुग्ण निधीतून एखाद्या नव्या महागड्या औषधास मंजुरी देण्यापूर्वी तीन प्रश्न विचारण्याची प्रथा असावी. त्याची सोडत पद्धतीने चाचणी झाली आहे का? आपल्यासारख्या रुग्णांत ते वापरल्याच्या नोंदी काय सांगतात? आणि ज्यांना ते दिले जाईल त्यांची सहा महिन्यांनंतरची स्थिती कोण, कशी विचारणार? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर आपल्याच हाती आहे. पुढील अहवालांत किती रुग्ण आले या रकान्याशेजारी किती जणांचा पाठपुरावा झाला हाही रकाना असावा, अशी इच्छा आहे. आरंभी तो आकडा लहान असेल, तरीही तो जसा असेल तसाच छापला जावा.

आपणा सर्वांच्या विश्वासावर ही संस्था उभी आहे. त्या विश्वासाचा हिशेब चोख ठेवण्याच्या कामी आपले सहकार्य असेच लाभत राहो, ही विनंती.